डोकं आधी, शरीर मागोमाग

आइस हॉकीच्या गोलरक्षकाला दाद देताना ‘काय चपळाई!’ असं सहज तोंडून जातं. पण हिशोब मांडला तर नुसत्या चपळाईवर त्याचा निभाव लागणं शक्यच नाही. पक म्हणजे कडक रबराची चपटी चकती. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. जोरकस फटका ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४ मीटर. असा फटका सहा मीटरवरून आला, तर पक जाळीत पोचायला सेकंदाचा सातवा हिस्साही लागत नाही. उलट डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर माणसाची हालचाल नुसती सुरू व्हायलाच साधारण पाचवा हिस्सा जातो. पक सुटल्यावर हलू म्हटलं, तर हात निघेपर्यंत गोल झालेला असतो. तरीही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधले गोलरक्षक दहापैकी नऊ फटके अडवतात.

या कोड्याला १९८०च्या दशकात मॉन्ट्रियल संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक फ्रान्स्वा आलेर यांनी एक रोखठोक उत्तर दिलं. पकवर प्रतिक्रिया द्यायला वेळच नसेल, तर योग्य कोनात उभं राहा, गुडघे जुळवून खाली बसा, पायांवरचे रुंद पॅड दोन्ही बाजूंना बर्फावर पसरा आणि जाळीचा जास्तीत जास्त भाग आधीच झाकून टाका. पक अंगावर येऊन आदळेल. ही ‘बटरफ्लाय’ पद्धत आलेर यांच्या आधीही होती. ग्लेन हॉल तसा खेळत असे. पण तिला शिस्तबद्ध प्रशिक्षणाचं रूप आलेर यांनी दिलं. त्यांचा शिष्य पॅट्रिक रुआ याने १९८६ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, मॉन्ट्रियलला एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकून दिला आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मग जगभर गोलरक्षक गुडघ्यांवर बसू लागले.

यात एक दोष मात्र शिरला, आणि मला तो गंभीर वाटतो. खाली बसणं ही सवय झाली. मुलं पक नीट पाहण्याआधीच बसू लागली. फटके मारणाऱ्यांनी हे हेरलं आणि वरचे कोपरे साधायला सुरुवात केली.

नेमकं काय पाहायचं, याचा शोध कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जोन व्हिकर्स आणि डेरेक पंचुक यांनी घेतला. त्यांनी अव्वल गोलरक्षकांच्या डोळ्यांवर नजरेचा माग घेणारं उपकरण चढवलं आणि पाच व दहा मीटरवरून त्यांच्यावर फटके मारवले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की फटका अडवला जायचा तेव्हा गोलरक्षकाची नजर हालचाल सुरू होण्याआधीच एका जागी स्थिरावलेली असायची, आणि तीही साधारण ९५० मिलिसेकंद. गोल झाला तेव्हा हा काळ सव्वाआठशेच्या आसपास भरला. नजर खिळायची ती मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर, खांद्यांवर किंवा कमरेवर नव्हे, तर स्टिकवरच्या पकवर आणि त्याच्या पुढच्या बर्फावर. व्हिकर्स या स्थिर नजरेला ‘क्वाएट आय’ म्हणतात. पक कुठे जाणार याची माहिती स्टिकच्या पात्याच्या कोनात, तो सुटण्याआधीच असते. ती पुरेसा वेळ न्याहाळणाऱ्याला हात कुठे न्यायचा ते आधीच कळलेलं असतं. क्रिकेटचा फलंदाजही वेगवान चेंडू शेवटपर्यंत पाहत नाही. चेंडू हातातून सुटताना तो पाहतो आणि टप्पा पडेल त्या जागी नजर आधीच नेऊन ठेवतो.

डोळ्यांना असं वळण लावता येतं, यावर गोलरक्षकांचे प्रशिक्षक मिच कॉर्न यांचा भर होता. डॉमिनिक हाशेकसारखा कुठल्याच साच्यात न बसणारा गोलरक्षक बफेलोत त्यांच्या हाताखाली होता. १९९८च्या नागानो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाचे पाचही पेनल्टी फटके अडवणारा तो हाच. कॉर्न सरावात पांढरे पक वापरत. पांढऱ्या बर्फावर पांढरा पक शोधायचा म्हणजे डोळ्यांना क्षणभरही विसावा नाही. नेहमीपेक्षा लहान पकही ते वापरत. पुढे वॉशिंग्टनला त्यांच्या हाताखाली खेळलेला ब्रेडन होल्टबी सामन्यात खेळ थांबला, की बाटलीतून पाणी हवेत उडवून त्यातल्या एकाच थेंबाचा पाठलाग नजरेने करी. ही सवय त्याला एका क्रीडा मानसतज्ज्ञाने लावली होती.

यापुढचं पाऊल लाइल मास्ट या कॅनेडियन प्रशिक्षकाने टाकलं. नुसते डोळे फिरवून भागत नाही, डोकंही पकच्या दिशेने खाली झुकत गेलं पाहिजे, असं ते सांगतात. पक जवळ येतो तसा त्याचा कोन इतक्या झपाट्याने बदलतो, की एकट्या डोळ्यांना तो धरून ठेवता येत नाही. शिवाय अंगावर काही येताना मान मागे ओढणं ही माणसाची उपजत प्रतिक्रिया आहे. डोकं मागे गेलं, की खांदे उघडतात, काखेत आणि कोपराखाली फटी पडतात. डोकं पकवर झुकलं, की खांदे आणि हात आपोआप पुढे येतात. डेव्हन डब्निक हा गोलरक्षक २०१३-१४ च्या एकाच हंगामात तीन संघटनांमध्ये फिरून शेवटी दुय्यम लीगमध्ये पोचला होता. त्या उन्हाळ्यात तो मास्ट यांची पद्धत शिकला. जानेवारी २०१५ मध्ये मिनेसोटाने त्याला घेतलं आणि त्याने सलग ३८ सामन्यांत सुरुवातीपासून जाळी सांभाळली. बाद फेरीच्या बाहेर पडलेला संघ आत आला. एका माणसाच्या यशावरून सिद्धांत सिद्ध होत नाही हे खरं, आणि कॅल्गरीच्या अभ्यासातल्या त्या फटक्यांसमोर वाट अडवणारं कुणी उभंही नव्हतं. पण पाहण्याची तालीम आधी आणि गुडघ्यांवर बसण्याची नंतर, हा क्रम मला पटतो. लहान मुलांच्या शिबिरांत तो अजूनही उलटा दिसतो, याचं वाईट वाटतं.

अर्थात जाळीसमोर चार-पाच खेळाडूंची गर्दी झाली, की पक दिसतच नाही, आणि मध्येच एखाद्या स्टिकला लागून दिशा बदलतो. तिथे आलेर यांचंच गणित चालतं. जागा झाकायची, अंग आवळून बसायचं, आणि पक पॅडवर आदळल्याचा धक्का जाणवताक्षणी तो कुठे उडाला ते शोधायला मान वळवायची. दुसरा फटका येण्याआधी गोलरक्षकाला पक पुन्हा सापडलेला असावा लागतो.