बळी नव्हे, चेंडू मोजा

गोलंदाजाची पारख आपण बळींवरून करतो. वर्तमानपत्रातला धावफलक असो, जिल्हा संघाची निवड असो की तालुक्याच्या स्पर्धेतले बक्षीस, शेवटी नजर त्याच एका रकान्यावर जाते. पण बळी ही मुळातच विरळ घटना आहे आणि विरळ घटनांवर बेतलेला निष्कर्ष सहज दगा देतो. समजा, एखाद्या गोलंदाजाला सरासरी ३० चेंडूंमागे एक बळी मिळतो आणि एका डावात तो दहा षटके, म्हणजे ६० चेंडू टाकतो. सरासरीने त्याला दोन बळी मिळायला हवेत. संभाव्यतेचे गणित मात्र सांगते की, गोलंदाजीत तसूभरही फरक न पडता साधारण सातातल्या एका डावात त्याची पाटी कोरी राहील आणि जवळपास तितक्याच वेळा त्याला चार किंवा अधिक बळी मिळतील. निवड करणाऱ्यांनी नेमका कोणता डाव पाहिला, यावर त्या मुलाचे पुढचे वर्ष ठरते. उलट, तेच ६० चेंडू कुठून सुटले, किती वेगाने आले, कुठे पडले आणि किती वळले, हे नोंदवले तर हाती दोन नव्हे, ६० निरीक्षणे येतात. गोलंदाजाला न्याय द्यायचा असेल तर निकालाआधी चेंडू मोजायला हवा.

हा धडा सर्वात नेटाने गिरवला तो अमेरिकेतल्या बेसबॉलने. २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन या विश्लेषकाने दाखवले की, चेंडू मैदानात फटकावला गेल्यावर तो झेलला जाईल की निसटेल, यावर पिचरचा, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचा, ताबा समजला जातो त्याहून फार कमी असतो. त्या दाव्याची धार पुढच्या अभ्यासांनी थोडी बोथट केली, पण गाभा टिकला. मग पिचरच्या ताब्यात असते काय? ते मोजण्यासाठी २००६ मध्ये पिचएफएक्स ही कॅमेऱ्यांची प्रणाली आली, २०१५ मध्ये सर्व प्रमुख मैदानांवर स्टॅटकास्ट आले आणि २०२० पासून त्यात क्रिकेटमुळे आपल्या परिचयाच्या हॉक-आयचे कॅमेरे वापरले जाऊ लागले. आता प्रत्येक चेंडूचा सुटण्याचा बिंदू, वेग, फिरकीचा दर, फिरकीचा अक्ष आणि मार्गातला बाक नोंदला जातो. त्यातून कितीतरी जुन्या समजुती उलगडल्या. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. तेवढ्या वेळात केवळ गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे ७८ सेंटिमीटर खाली यायला हवा. उलट्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलते आणि चांगल्या पिचरच्या चेंडूत ही घट ४० सेंटिमीटरपर्यंत भरून निघते. फलंदाजाला चेंडू वर उसळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो अपेक्षेपेक्षा कमी पडलेला असतो आणि बॅट त्याच्याखालून जाते. धावफलकावर याची खूणही उमटत नाही.

क्रिकेटमध्ये या मोजमापाचे मोल अधिकच आहे, कारण इथे वेगाचे आकर्षण फसवे ठरू शकते. नासामधले शास्त्रज्ञ रबी मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिवण सुमारे २० अंशांनी तिरपी ठेवली, तेव्हा चेंडूवरचे आडवे बल सेकंदाला ३० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी जेमतेम ११० किलोमीटरला सर्वाधिक आढळले. शिवणीमुळे एका बाजूची हवा खळबळते आणि चेंडूला अधिक काळ चिकटून राहते, तर दुसऱ्या बाजूची लवकर सुटते. त्या फरकातून स्विंग घडतो. वेग फार वाढला की दोन्ही बाजूंची हवा खळबळते आणि फरक ओसरतो. म्हणून मध्यमगती गोलंदाजाची खरी संपत्ती म्हणजे मनगट, शिवणीचा कोन आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची क्षमता. मुंबईत जन्मलेला, संगणक अभियंता असलेला डावखुरा सौरभ नेत्रावळकर याच जातीचा. खेळाडूच्या कामगिरीचे विश्लेषण करणारे ‘क्रिकडीकोड’ हे अ‍ॅप त्याने घडवले होते. पुढे तो अमेरिकेकडून खेळला. ६ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्याने जिंकून दिली, ती टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर. हे मैदान आधी बेसबॉलचे होते. सहा दिवसांनी त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा या दोघांना बाद केले. पण त्या दोन बळींवरून त्याला थोर ठरवणे हीदेखील तीच चूक ठरेल. त्याचे चेंडू वर्षभर कुठे पडतात, हे पाहूनच त्याची योग्यता ठरवायला हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, सामना शेवटी बळींनी आणि धावांनीच जिंकला जातो. खरे आहे. धावफलक झालेल्या सामन्याचा निवाडा करतो आणि त्याचा तो अधिकार अबाधित आहे. निवड मात्र पुढच्या सामन्यांसाठी असते आणि पुढे टिकते ते कौशल्य, नशीब नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आकडे आले की मुले वेगामागे धावतात आणि शरीर मोडून घेतात. बेसबॉलमध्ये हे घडले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात पिचरच्या वाढत्या दुखापतींचा संबंध कमाल वेगाच्या हव्यासाशी जोडला आहे. पण हा दोष मोजण्याचा नाही, एकच आकडा पूजण्याचा आहे. वेगाबरोबर टाकलेल्या चेंडूंची संख्या, विश्रांतीचे दिवस आणि थकल्यावर ढळणारा टप्पा मोजला, तर तीच नोंद मुलाला थांबायला सांगेल. तिसरा आक्षेप असा की, फलंदाजाचे मन यंत्राला कळत नाही. तेही मान्य. डाव रचण्याची बुद्धी कॅमेऱ्याला दिसत नाही. मात्र हवा तो चेंडू हवा तिथे पडला का, एवढे तो नक्की सांगतो. ते जमले नाही तर रचलेला डाव मनातच राहतो.

खर्चाचे काय? हॉक-आय हिंगोलीच्या मैदानावर येणार नाही. पण अनेक मोबाइलमध्ये आता सेकंदाला २४० चित्रे टिपणारी सोय असते. ताशी १०८ किलोमीटरचा चेंडू दोन चित्रांदरम्यान साडेबारा सेंटिमीटर सरकतो. हातातून सुटल्यापासून टप्प्यापर्यंत १५ मीटर अंतर असेल तर १२० चित्रे मिळतात. एका चित्राची गफलत झाली तर वेगात ताशी एक किलोमीटरहून कमी फरक पडतो. अंतराचा अंदाज अर्ध्या मीटरने चुकला तर मात्र साडेतीन किलोमीटरचा पडतो. म्हणून आधी खेळपट्टीवर टेपने मोजून चुन्याच्या रेषा आखाव्यात, कॅमेरा तिकाटण्यावर बाजूला स्थिर ठेवावा, आणि मिळालेला वेग हा प्रवासातला सरासरी वेग आहे, टीव्हीवर दिसणारा हातातून सुटतानाचा वेग नव्हे, हे वहीत लिहून ठेवावे. दोन-तीन किलोमीटरच्या फरकावरून कोणाला पुढे-मागे करू नये. शिवणीचा कोन मोबाइलला नीट दिसणार नाही. टप्पा आणि दिशा मात्र भरवशाने टिपता येतील.

मोजमापाची चूक आधी ओळखायची आणि मगच निष्कर्ष काढायचा, ही शिस्त आता हिंगोली जिल्ह्याशीच जोडली गेली आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या लहरींमुळे तिच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत होणारा बदल प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी सूक्ष्म असेल. इतक्या सूक्ष्म खुणेवर विश्वास ठेवायचा तर गोंगाट किती हे ठाऊक हवे आणि तीच खूण दूरच्या दुसऱ्या केंद्रातही दिसायला हवी. गुरुत्वीय लहरींचा २०१५ मधला पहिला शोध अमेरिकेतल्या दोन केंद्रांनी एकाच वेळी टिपला, म्हणूनच तो ठाम मानला गेला. वसमत किंवा कळमनुरीच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकाने आणि क्रीडा शिक्षकाने मिळून हंगामभर प्रत्येक गोलंदाजाचे दोनशे चेंडू नोंदवले, तर मुलांना हीच शिस्त स्वतःच्या हाताने शिकता येईल. निवड चाचणीत ग्रामीण मुलाला मोजकेच चेंडू टाकायला मिळतात आणि तेवढ्यात नशीब साथ देईलच असे नाही. त्याने सोबत दोनशे चेंडूंची प्रामाणिक नोंद आणावी आणि निवड करणाऱ्यांनी ती पाहण्याची सक्ती स्वतःवर घालून घ्यावी. मोठ्या शहराबाहेरच्या गोलंदाजाला न्याय देण्याचा याहून स्वस्त उपाय आज दुसरा नाही.