मापं कुणाची, संशय कुणावर

१८९२ च्या सुमारास बंगालमध्ये पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री कैद्यांची अंगं मोजायला लावत होते. पद्धत पॅरिसच्या आल्फाँस बर्तियाँची : डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, पाऊल, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात अशी अकरा मापं. वाढ पुरी झालेल्या माणसाची हाडं बदलत नाहीत, म्हणून नाव बदललेला जुना गुन्हेगार मापांवरून सापडावा, हा हिशोब. बोट, हात, पाऊल मोजायचं ते डावं, कारण काम करून उजवं अंग जास्त बदलतं. कष्टाने शरीर बदलतं, याची बर्तियाँला निदान जाण होती.

पण एकाच कैद्याला दोन शिपायांनी मोजलं की आकडे जुळेनात. मग हेन्री बोटांच्या ठशांकडे वळले. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग उघडला. पद्धतीला नाव हेन्रींचं लागलं, हा अन्यायच.

पुढचा अन्याय मोठा होता. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदणी झालेल्या माणसाचे ठसे कधीही घेता येत. त्याने गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती, त्या जमातीतला जन्म पुरेसा होता. मुंबई प्रांताने तो कायदा १९४९ मध्ये रद्द केला. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा मात्र २०२२ पर्यंत टिकला. त्याच्या जागी आलेल्या कायद्यात डोळ्यांची बुबुळंही आली, आणि नोंदी ७५ वर्षं ठेवण्याची तरतूद.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी आदिवासींनाही ही संशयाची नजर जुनी आहे. खैरापासून कात काढणं हा त्यांचा धंदा. जंगल सरकारी झालं, धंदा गेला, चोरटेपणाचा ठपका तेवढा राहिला. आज पावसाळा सरला की वाड्यांमधली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. माती कालवून, विटा थापून बोटांच्या रेषा झिजतात, आणि रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही. कैद्यांच्या ओळखीसाठी वापरलेली खूण आता धान्यासाठी द्यावी लागते, आणि ती न उमटल्याचा भुर्दंड कष्टकऱ्यालाच.

अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या २०१७ च्या सूचना आहेत. रेशन दुकानात कुणाला रिकामं परत पाठवताना दिसलं, तर मध्ये पडा आणि हे सांगा.