रेसगाडीचा तोरा आणि धुराची परीक्षा

पोर्शने 1972 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार शोमध्ये 911 कॅरेरा आरएस 2.7 मांडली, ती शर्यतीच्या नियमपुस्तकातली एक अट भागवण्यासाठी. ग्रुप 4 या गटात ही गाडी उतरवायची, तर रस्त्यावर चालणाऱ्या तशा 500 गाड्या बनवणं भाग होतं. एवढी गिऱ्हाइकं मिळतील का, अशी धाकधूक कंपनीच्या विक्री विभागाला होती. प्रत्यक्षात 1,580 गाड्या बनल्या. तिच्याच पोटी आलेल्या आरएसआरने 1973 मध्ये डेटोनाची 24 तासांची शर्यत आणि सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ, दोन्ही मारल्या.

म्हणजे 'रस्त्यावरची रेसगाडी' म्हटल्यावर ज्या गाडीचं चित्र आजही डोळ्यासमोर येतं, ती मुळात नंबरप्लेट लावून, सायलेन्सरसकट, कायदेशीरपणे विकलेली गाडी होती. तरीही हौशी मंडळींत एक समज घट्ट बसला आहे: रेसगाडीचा बाज आणि धुराचे कायदे यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. हा समज तपासायला कॅलिफोर्नियासारखी जागा नाही. अमेरिकेतले धुराचे सर्वांत कडक नियम तिथले, आणि जुन्या 911 ला आरएसचं रूप देणाऱ्या गॅरेजांचीही तिथेच दाटी.

या कामाला तिकडे 'बॅकडेट' म्हणतात. मूळ आरएस धुराच्या नियमांपायी अमेरिकेत अधिकृतपणे विकलीच गेली नाही. मग 1978 ते 1983 मधली 911 एससी किंवा 1984 ते 1989 मधली कॅरेरा 3.2 घ्यायची. अमेरिकेतल्या टकरीच्या नियमामुळे 1974 पासून आलेले भात्यासारख्या घड्यांचे जाड बंपर काढायचे. पुढचे मडगार्ड आणि बॉनेट जुन्या पद्धतीचे बसवायचे. मागे बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला स्पॉयलर, म्हणजे 'डकटेल', लावायचा. दारावर 'कॅरेरा' अशी पट्टी ओढली की दहा पावलांवरून भलेभले फसतात.

फसत नाही तो धुराची तपासणी करणारा. गाडी 1973 ची दिसते म्हणून तिला 1973 चे नियम लागतील, हा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. कायदा कागदावरचं मॉडेल इयर बघतो. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी होणाऱ्या 'स्मॉग चेक'मधून सूट आहे. 1976 आणि पुढच्यांना नाही. बॅकडेट केलेली 1983 ची एससी कितीही 'सत्तरीतली' दिसली, तरी चॅसी नंबर 1983 चा आहे, आणि त्या वर्षी तिच्यावर जी जी यंत्रणा होती ती सगळी जागेवर लागते.

'गाडी जुनी झाली की सूट आपोआप मिळते' हा याचाच जुळा भाऊ. त्याला थोडा आधार होता. एके काळी तिथे 30 वर्षांची फिरती सूट कायद्यात होती, म्हणजे दर वर्षी आणखी एका वर्षाच्या गाड्या सुटायच्या. 2004 च्या कायद्याने ती रेघ 1976 वर गोठवली आणि ती आजतागायत तिथेच आहे. 35 वर्षांहून जुन्या, संग्राहकांसाठीचा विमा उतरवलेल्या गाड्यांना सूट द्यावी असं विधेयक 2025 मध्ये आलं होतं. गाड्यांचा नामांकित संग्राहक आणि विनोदवीर जे लेनो त्याच्या पाठीशी होता, म्हणून त्याला 'लेनोज लॉ' असं नावही पडलं. समितीच्या टप्प्यावरच ते अडलं.

सूट मिळालेल्या गाड्यांच्या मालकांचा भ्रम वेगळाच. 1973 ची अस्सल 911 घरी असलेला माणूस म्हणतो, तपासणीच नाही तर काढून टाका सगळं. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सूट तपासणीची आहे, धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकण्याची नाही. कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित झालेल्या 1966 पासूनच्या गाड्यांवर ती यंत्रणा निकामी करायला तिथल्या वाहन संहितेच्या कलम 27156 नुसार बंदी आहे. रस्त्यावर कोणी बॉनेट उघडून बघत नाही, हे खरं. पण पकडलं जात नाही म्हणून एखादी गोष्ट कायदेशीर ठरत नाही, हे पुण्याच्या चौकात सिग्नल तोडणाऱ्यालाही ठाऊक असतं.

भारतातला नियम या बाबतीत जवळजवळ उलट्या टोकाचा आहे. केंद्राने 2021 मध्ये काढलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि रोज ऑफिसला न्यायला ती गाडी चालत नाही. म्हणजे 1973 च्या 911 मध्ये 1987 चं 3.2 इंजिन बसवलं, तर कॅलिफोर्नियात ती दोन वर्षांच्या तपासणीतून सुटलेलीच राहील. महाराष्ट्रात मात्र तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होणं कठीण.

आता सर्वांत चिवट समजाकडे वळू: धूर साफ करायचा म्हणजे ताकद घालवायची. हा समज हवेतून आलेला नाही. 1975 ते 1977 या काळात कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या 911 वर थर्मल रिअॅक्टर होते. जळायचं राहिलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्येच जाळून टाकायची ही युक्ती. त्यात इतकी उष्णता कोंडायची की मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून हेडचे स्टड उपटून यायचे. त्या इंजिनांनी मालकांना रडवलं आणि 'स्मॉगवाली गाडी' ही शिवी झाली.

पण ते तंत्र टिकलं नाही. 1980 पासून अमेरिकेतल्या एससीवर ऑक्सिजन सेन्सर आणि थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग, हे प्रमाण सेन्सर सतत सांभाळतो. त्या प्रमाणात कन्व्हर्टर तिन्ही नकोशा वायूंचा एकदम समाचार घेतो: न जळलेले हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. 1984 च्या कॅरेरा 3.2 मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने पेट्रोल आणि ठिणगी, दोन्ही एकाच संगणकाच्या हाती दिली. त्याचं फळ आकड्यांत दिसतं. 1973 च्या आरएसची ताकद 210 अश्वशक्ती होती, कन्व्हर्टर नव्हता, मेकॅनिकल इंजेक्शन होतं. 1987 ची अमेरिकी कॅरेरा 3.2, कन्व्हर्टरसकट, 217 अश्वशक्तीची. इंजिन मोठं आहे, 2,687 ऐवजी 3,164 सीसी, हे मान्य; पण जिच्या नावाने उसासे टाकले जातात तिच्याहून जास्त ताकद धुराच्या परीक्षेत पास होणाऱ्या गाडीत कारखान्यातूनच येत होती.

मग आरएस एवढी चपळ का? वजन. शर्यतीसाठी तिची नोंद 960 किलोवर झाली होती. बॉडीचा पत्रा पातळ, काचा पातळ, दाराला हँडलऐवजी कापडी पट्टा, गालिचे गायब. अमेरिकी 3.2 बाराशे किलोच्या आसपास भरते. या दोनअडीचशे किलोंचा धुराशी काडीचा संबंध नाही, आणि गंमत म्हणजे बॅकडेट करणारे सगळा पैसा इंजिनात ओततात. फायबरग्लासचं बॉनेट आणि बंपर, हलक्या सीटा, एसीचा काढलेला काँप्रेसर, जाड टॉर्शन बार, चांगले ब्रेक: स्मॉगची तपासणी यांतल्या कशालाही हात लावत नाही. 'रेसगाडीसारखी' ही भावना जिथून येते, ती जागा बहुतांशी मोकळी आहे.

इंजिनात हात घालायचाच असेल, तर कॅमशाफ्टपाशी जपून. एससीच्या के-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये आत येणारी हवा एक गोल पत्रा उचलते, आणि तो जितका उचलला जाईल तितकं पेट्रोल सुटतं. रेसचा कॅम लावला की इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, हवा उलटी धडका मारते, तो पत्रा थरथरतो आणि आयडलिंगला गाडी घोरायला लागते. हायड्रोकार्बनचा आकडा तिथेच हाताबाहेर जातो. म्हणून जाणते मेकॅनिक पुढच्या 964 मॉडेलच्या कॅमसारखा सौम्य कॅम घालतात.

धूर साफ आला म्हणजे पास, असंही पुष्कळांना वाटतं. आपल्याकडच्या पीयूसीची सवय असलेल्या माणसाला तर वाटणारच: नळी घातली, आकडा आला, कागद मिळाला. कॅलिफोर्नियात 1976 ते 1999 च्या गाड्यांचं असं भागत नाही. प्रदूषण जास्त असलेल्या भागांत गाडी रोलरवर चढवून ताशी 15 आणि 25 मैलांवर, भार देऊन, धूर मोजतात. शिवाय तपासनीस बॉनेटखालचं लेबल वाचतो आणि त्यावर लिहिलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी शोधतो. 911 मध्ये हे थोडं कसरतीचं: इंजिन मागे, पेट्रोलची टाकी पुढे, आणि टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा व त्याच्या नळ्या या दोन टोकांमधल्या. बॉनेटच्या मधोमध रेसगाडीसारखं पेट्रोलचं झाकण बसवायची फॅशन आहे. ते झाकण वाफ बाहेर सोडत असेल, तर 1995 पर्यंतच्या गाड्यांची होणारी टाकीच्या गळतीची परीक्षा तिथेच नापास. चाळीस वर्षांच्या चिरलेल्या रबरी नळ्यांमुळे तर काहीही न बदललेल्या गाड्याही यात अडकतात.

बाजारातला भाग कायदेशीर आहे की नाही, हे दुकानदार काय म्हणतो त्यावर ठरत नाही. कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ, म्हणजे कार्ब, तपासलेल्या भागांना 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' देतं आणि तिचा नंबर भागावर किंवा स्टिकरवर असतो. कुठला भाग कुठल्या गाडीला चालेल, हेही त्यात ठरलेलं असतं. नंबर नसलेला एक्झॉस्टचा हेडर धूर स्वच्छ देत असला तरी गाडी नापास. खोक्यावर 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' छापलं असेल, तर ते गिऱ्हाइकाला खुलं रान नव्हे. विकणाऱ्याने आपलं अंग काढून घेतलेलं असतं.

इंजिन बदलणं बेकायदा आहे, हा समज मात्र उगाचच घाबरवतो. बदलता येतं. अट अशी की नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याच वर्गातल्या गाडीचं हवं, आणि ते आपल्या धूरयंत्रणेच्या पूर्ण बिऱ्हाडासकट आलं पाहिजे. एससीमध्ये 964 चं 3.6 इंजिन बसवायचं, तर मोट्रॉनिक, कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर सगळं सोबत. मग सरकारनियुक्त 'रेफरी' गाडी बघतो, पटलं तर लेबल चिकटवतो, आणि पुढच्या तपासण्या त्या लेबलाप्रमाणे होतात. 250 अश्वशक्तीची हलकी 911, कायद्याला तोंड लपवायची गरज नाही.

कोब्रा किंवा 550 स्पायडर अशा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या प्रतिकृती जोडणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. खास बनवलेल्या गाड्यांना दर वर्षी 500 प्रमाणपत्रं, पहिल्या येणाऱ्याला पहिलं. तिथे मॉडेल इयर बॉडी किंवा इंजिन कशासारखं आहे त्यावरून ठरतं आणि कशासारखंच नसेल तर 1960 धरतात. मडगार्ड बदललेली कारखान्याची 911 मात्र 911 च राहते.

युरोपातून गाडी मागवण्याचा मोह अनेकांना होतो. 25 वर्षं झाली की अमेरिकेत कुठलीही गाडी आणता येते, हे सुरक्षानियमांपुरतं खरं आहे. पण 204 अश्वशक्तीची युरोपी एससी कॅलिफोर्नियात नोंदवायची, तर 1976 च्या पुढची म्हणून तिला फेरफार करून कार्बने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतून पार व्हावं लागतं. त्या खर्चात अमेरिकी गाडीचं इंजिन नव्याने बांधून होईल.

उरलेलं थोडक्यात. एक्झॉस्टच्या आवाजाची मर्यादा 95 डेसिबल आहे, आणि उघड्या पाइपांची गाडी ती सहज ओलांडते. संघराज्याच्या वाहतूक खात्याची 'डॉट' खूण नसलेले युरोपी हेडलाइट सुंदर दिसतात, पण नियमात बसत नाहीत. स्लिक टायर रस्त्यावर चालत नाहीत. डॉटची खूण असलेले, ट्रॅकवरही धावणारे टायर चालतात, आणि आरएसच्या 15 इंची चाकांना ते मिळतात.

राहता राहिला रोलकेज, जो सुरक्षेच्या नावाखाली सर्रास बसवला जातो. ट्रॅकवर तो जीव वाचवतो, कारण तिथे डोक्यावर हेल्मेट असतं आणि पाच-सहा पट्ट्यांनी माणूस सीटला जखडलेला असतो. रस्त्यावर नुसता साधा पट्टा लावून बसलेल्या माणसाचं उघडं डोकं साध्या धडकेतही त्या लोखंडी नळीवर आपटू शकतं, आणि 911 ची केबिन अरुंद असल्याने नळी डोक्यापासून फार लांब नसतेच. 1973 च्या रस्त्यावरच्या आरएसमध्येही केज नव्हता. दिसण्यासाठी हवाच असेल तर तो पुढच्या सीटांच्या मागे, अर्धा आणि जाड पॅडिंग लावलेला असावा, आणि मूळचा तीन टोकांचा पट्टा काढू नये.