झोळी घेताना आधी बाळाचा श्वास पाहा

जुन्या लुगड्याच्या झोळीत आपल्या दोन-तीन पिढ्या झोपल्या. मराठीतली झोळी आणि कन्नडमधली जोळिगे, शब्दही सख्ख्या बहिणींसारखे! पण ती झोळी आढ्याला टांगलेली असे. आता दुकानात मिळते ती आईच्या अंगावर बांधायची, म्हणून निवड जरा निराळी.

रंग-नक्षी मागाहून. खोल, पिशवीसारख्या झोळीत तान्हे बाळ दुमडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. रडण्याचा आवाजही येत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली चार महिन्यांखालील बाळांबाबत असा इशारा दिला होता. बाळ उभे, छातीशी घट्ट, तोंड उघडे आणि हनुवटीखाली दोन बोटे मावतील असे हवे. कमी दिवसांचे बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कापड सुती, न सरकणारे घ्यावे. मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा. पाय नुसते लोंबकळणे खुब्याच्या सांध्याला बरे नाही. आईचे म्हणाल तर, एका खांद्याची झोळी सुटसुटीत दिसते, पण बाजाराच्या एका फेरीत मान धरते. दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर भार वाटणारी उत्तम. दुकानातच बाळासकट बांधून पाहा, बाबांनीसुद्धा. मात्र ती बांधून फोडणी घालू नका, स्कूटरवर तर बसूच नका.