झोपेची गोळी, भासांची गोळी आणि सर्पगंधा

समता कॉलोनी असो की रायपूरची दुसरी कुठली वस्ती, घरात कुणाला हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन सुरू झालं की नातेवाईक म्हणतात, “झोपेची गोळी देऊन गुंगीत ठेवलंय.” या गोळ्या भास-भ्रम कमी करतात त्या मेंदूतल्या डोपामाइनच्या डी-२ ग्राहकांवर (रिसेप्टरवर) ठाण मांडून. गुंगी हा जोडीला येणारा परिणाम. लोराझेपाम, क्लोनाझेपामचा रस्ता निराळा. त्या मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’चा जोर वाढवतात. भासांवरच्या गोळीचा पूर्ण गुण यायला आठवडे लागतात, म्हणून तोवरची तगमग आवरायला चिठ्ठीवर दोन्ही येतात.

या गोळ्या डोपामाइन संपवतात, असंही ऐकू येतं. घडतं उलटंच. स्वीडनच्या आर्विड कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी १९६३ मध्ये उंदरांवर दाखवलं, की हॅलोपेरिडॉल दिल्यावर डोपामाइनच्या विघटनातून बनणारं द्रव्य वाढतं. ग्राहक अडले की पेशी जास्त डोपामाइन सोडू लागतात. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत डायझेपामने ही वाढ कमी केली. म्हणजे दोन गोळ्यांची गाठ झोपेपलीकडेही पडते. मात्र एवढ्यावरून माणसाचा डोस कुणी ठरवू नये.

डोपामाइनचा साठा खरोखर रिता करणारं औषध आपल्याच रानातलं आहे: सर्पगंधा. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’च म्हणत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. रेसर्पिन पेशीतल्या पिशव्यांमध्ये डोपामाइन साठूच देत नाही. १९५७ मध्ये कार्लसनने ते सशांना दिलं, तेव्हा ससे कान पाडून निपचित पडले. ज्यापासून शरीर डोपामाइन बनवतं ते एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात हिंडू लागले.

त्यामुळे “जडीबुटीच तर आहे” हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. एक औषध साठा रिकामा करतं, दुसरं ग्राहक अडवतं. दोन्ही एकत्र घेतली तर हात थरथरणं, अंग ताठणं, रक्तदाब घसरणं, मन खचणं यांचा धोका वाढतो. वैद्याची पुडी चालू असेल तर मनोविकारतज्ज्ञाला सांगायलाच हवं. दारूचंही तसंच, झोपेच्या गोळीवर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. आणि महिनोन्‌महिने चाललेली क्लोनाझेपाम “आता बरं वाटतंय” म्हणून एकदम सोडली तर फिट येऊ शकते; ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.