पांढरा प्लग

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अण्णांची 1984 ची येझदी रोडकिंग जिन्याखाली अकरा वर्षं उभी होती. येझदीत किक आणि गिअरची दांडी एकच. ती आत दाबून वर फिरवायची नि मारायची. मी तिच्यावर अक्षरशः उभा राहिलो, तरी हलेना.

प्लगच्या भोकातून डिझेल नि ऑइल ओतून ठेवलं. पाचव्या दिवशी पिस्टन सुटला. सिलेंडर उतरवला, तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे आणि एक रिंग खाचेत चिकटलेली. मी समजत होतो की उभ्या उभ्या गंजली. अण्णा हळूच म्हणाले, "चालता चालताच धरली होती ती. घरात सांगितलं नव्हतं."

दुकानं उघडल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर मारून घेतला, अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन आणला. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्येच बंद पडलेला; पार्ट मिळाला हेच खूप. जोडणी घरीच, ओसरीत. गजन पिनचं सर्कलिप बसवताना क्रँककेसच्या तोंडावर फडकं टाकायचं असतं, हे ज्ञान सर्कलिप आत पडल्यावर झालं. ते लोहचुंबकाने काढण्यात एक दुपार गेली.

गाडी सुरू झाली नि मी हवेत. खरं तर गाडी तेव्हापासूनच बोलत होती. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस आपोआप चढायची. प्लग कॉफीच्या रंगाचा हवा, तो पांढराफटक निघायचा. मी कार्बोरेटरला दोष दिला आणि पेट्रोलात लिटरला 40 मिलीच्या जागी 60 मिली ऑइल घालू लागलो. हा शुद्ध अडाणीपणा, कारण ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. दिवाळीनंतर पन्हाळ्याच्या चढावर मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबला म्हणून वाचलो.

या वेळी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. मी पिस्टन पुढे केला, त्यांनी तो बघितलाही नाही. "प्लग कुठाय?" प्लग बघून म्हणाले, "हवा मारतंय. डायनॅमो काढ."

डायनॅमोमागचं क्रँकचं सील दगडासारखं कडक झालं होतं. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं. तिथे फट राहिली की फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून फुगतो. म्हणजे अण्णांच्या वेळचा आजार मी नव्या पिस्टनला लावला होता. पुन्हा बोअर, पुन्हा पिस्टन. त्या मानाने सीलची किंमत सांगायलाही लाज वाटते.

"दोन्ही बाजूंची सीलं बदल," मिस्त्री म्हणाले होते. क्लचकडची बाजू उघडायचा मी कंटाळा केला. त्यानंतर दोन पावसाळे गाडी बिनबोभाट चालली. अलीकडे मात्र गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतंय, बाहेर थेंब नाही, आणि धूर दाट येतोय. रविवारी क्लच उघडतोय.