ब्रेक नसलेलं विमान

१९२८ सालचा एप्रिल. अलास्काच्या उत्तर टोकाच्या पॉइंट बॅरोहून निघालेलं लॉकहीड व्हेगा जातीचं एकइंजिनी विमान आर्क्टिक महासागर ओलांडून स्पिट्सबर्गेनपाशी पोचलं आणि वादळात सापडलं. वैमानिक होता कार्ल बेन आयल्सन, वाटाड्या होता ऑस्ट्रेलियन शोधप्रवासी ह्यूबर्ट विल्किन्स. वीस तासांचा प्रवास झालेला, इंधन तळाला गेलेलं. समोर काही धड दिसत नसताना आयल्सनने एका निर्जन बेटावर विमान स्कीवर उतरवलं. उतरणं निर्धोक झालं. तमाशा झाला तो पाच दिवसांनी, वादळ निवळल्यावर.

विमान जागचं हलेना. विल्किन्सने खाली उतरून शेपटीला रेटा दिला. स्की सुटल्या, विमान धावू लागलं आणि विल्किन्स चढायच्या आत उडून गेलं. आयल्सनला ते हवेत गेल्यावर कळलं. तो फिरून खाली आला. दुसऱ्या खेपेलाही विल्किन्स आत शिरता शिरता बर्फात आपटला. तिसऱ्या खेपेला त्याने अर्धं अंग विमानात, अर्धं बाहेर ठेवून जोर लावला, तेव्हा कुठे दोघं एकदम उडाले. उत्तर ध्रुवप्रदेश विमानाने ओलांडणाऱ्या या जोडीचं जगभर कौतुक झालं. मला मात्र त्या सबंध मोहिमेत हे शेपूट रेटणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्कीवरच्या विमानाची खरी परीक्षा थांबल्यानंतर सुरू होते.

कारण साधं आहे. स्की बर्फावरून सरकते तेव्हा घर्षणाने तिच्या तळाशी पाण्याचा बारीक थर तयार होतो. विमान थांबलं की तो थर गोठतो आणि स्की जमिनीला घट्ट धरून बसते. फ्रीझरमधल्या बर्फाच्या ट्रेला ओली बोटं चिकटतात, तशातली गत. म्हणून जाणता वैमानिक थांबण्याआधीच विमान आपल्याच स्कीच्या चाकोरीवरून एकदा फिरवून घेतो, बर्फ दाबला जाऊ देतो, तोंड परतीच्या दिशेला करतो आणि मुक्काम असेल तर स्कीखाली झाडाच्या फांद्या नाहीतर फळ्या सरकवतो. एवढं करूनही चिकटलीच, तर सुकाणू डावं-उजवं मारून शेपटी हलवायची, सोबत्याला पंखाच्या तिरक्या दांड्याला धरून विमान डोलवायला सांगायचं. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी अमेरिकन नौदलाचं एक डाकोटा दक्षिण ध्रुवावर उतरलं. ध्रुवावर उतरलेलं ते पहिलंच विमान. तापमान होतं उणे पन्नास अंश सेल्सिअस. पाऊण तासाच्या मुक्कामात स्की अशा गोठल्या की अंगाला बांधलेली पंधराच्या पंधरा रॉकेटं पेटवावी लागली, तेव्हा ते सुटलं. हलक्या विमानाला हा थाट परवडत नाही. त्याच्या नशिबी माणसाचा खांदा.

स्की बसवण्याचं काम वरवर किरकोळ दिसतं. चाक काढायचं, त्याच आसावर स्की चढवायची. पण जमिनीचे उंचवटे झेलण्यासाठी स्की आसाभोवती पुढे-मागे कलती ठेवावी लागते, आणि धोका तिथेच आहे. हवेत गेल्यावर वाऱ्याच्या दाबाने तिचं नाक खाली झुकलं, तर तीच वाऱ्यात आडवी उभी राहते आणि विमान आवरेनासं होतं. म्हणून स्कीच्या नाकापासून वर विमानाच्या अंगापर्यंत ताणलेली रबरी बंजी असते. थंडीत रबर कडक होतं, कधी तुटतं, म्हणून तिच्या जोडीला पोलादी तार असते. बंजी तुटली तरी नाक एका मर्यादेखाली जाऊ नये, हे तिचं काम. मागच्या बाजूला आणखी एक तार असते, ती नाक फार वर जाऊ देत नाही. या तारांची लांबी अंदाजाने ठरवून चालत नाही; विमान ठरल्या कलावर ठेवून, स्कीचा कोन मोजून ती नक्की करतात. शेपटीच्या चाकालाही छोटी स्की लागते. उड्डाणापूर्वी वैमानिक हातमोजा काढून प्रत्येक तार, प्रत्येक पिन, बंजीचा प्रत्येक वेढा चाचपतो. उणे तीसमध्ये हातमोजा काढणं म्हणजे काय, याचा विचार आपण पुण्याच्या थंडीत बसून करू नये.

आणि ब्रेक नाहीत. इंजिन तपासायला ते जोरात चालवावं, तर विमान चालू लागतं. त्यामुळे ती तपासणी एकतर शेपूट बांधून करायची, नाहीतर सरकता सरकता.

निघायचं गावातल्या कोरड्या धावपट्टीवरून आणि उतरायचं बर्फावर, हा दुसरा पेच. यावर काहींनी स्कीला भोक पाडून चाक थोडंसं खाली डोकावू दिलं. दोन्हीकडे चालतं, दोन्हीकडे जरा कमीच चालतं. काहींनी हायड्रॉलिक पंपाने स्की वर-खाली करायची सोय केली. ती उत्तम, पण वजन वाढवते. न्यूझीलंडच्या हॅरी विग्लीने अशा वर-खाली होणाऱ्या स्की ऑस्टर विमानाला लावून सप्टेंबर १९५५ मध्ये टास्मान हिमनदीवर विमान उतरवलं.

अलास्कातल्या व्हाल्डीझच्या बॉब रीव्हने मात्र पेच वेगळ्याच बाजूने सोडवला. उन्हाळ्यात गावातला बर्फ वितळतो, डोंगरावरच्या खाणींना सामान तर तेव्हाही हवं असतं. रीव्हने चाकं लावलीच नाहीत. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलावरून तो स्कीवरच उडायचा आणि चिखलावरच उतरायचा. स्कीच्या तळाला त्याने स्टेनलेस स्टीलचा पत्रा ठोकला होता, तोही एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यातला! उड्डाणाचं वेळापत्रक अर्थातच भरती-ओहोटी ठरवायची. १९३७ च्या जूनमध्ये त्याने ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि बॉब बेट्स या गिर्यारोहकांना माउंट लुकेनियासाठी वॉल्श हिमनदीवर सोडलं. त्या वर्षी अवेळी ऊब होती. विमान उतरलं आणि पाणथळ बर्फात रुतलं. काही दिवस खणण्यात आणि रात्री बर्फ कडक होण्याची वाट पाहण्यात गेले. शेवटी विमानातलं नको ते सगळं काढून टाकून रीव्ह एकटा कसाबसा उडाला. तो पुन्हा तिथे येणार नव्हता. वॉशबर्न आणि बेट्स लुकेनिया चढले, पलीकडे उतरले आणि शंभरावर मैल चालत माणसांत आले.

आल्प्समध्ये स्विस वैमानिक हर्मान गायगरने ब्रेक नसण्याच्या अडचणीला डोंगराचा उतार जुंपला. मे १९५२ मध्ये त्याने पायपर सुपर कब कांडर हिमनदीवर उतरवलं आणि पुढे ही रीत इतरांना शिकवली. उतरायचं चढाकडे तोंड करून; चढच ब्रेकचं काम करतो. वेग मरत आला की थ्रॉटल कमी करायच्या ऐवजी वाढवायचा, कारण मध्येच थांबलं तर विमान मागे घसरतं. माथ्याजवळ पोचलं की ते उताराला आडवं करायचं. निघताना सरळ उताराने खाली. यात एक अट आहे: एकदा खाली यायचं ठरवलं की बेत बदलता येत नाही, समोरचा डोंगर विमानापेक्षा वेगाने उंच होत असतो. जून १९६० मध्ये आन्री जिरो या फ्रेंच वैमानिकाने मों ब्लाँच्या ऐन माथ्यावर विमान टेकवलं. त्यात हौसच जास्त होती, असं माझं मत. त्यापेक्षा नोव्हेंबर १९४६ मधलं स्विस हवाई दलाचं काम मोलाचं. गाउली हिमनदीवर आदळलेल्या अमेरिकन विमानातल्या बाराही जणांना स्की लावलेल्या दोन श्टॉर्क विमानांनी फेऱ्या मारून सुखरूप खाली आणलं.

उतरताना आणखी एक अडचण नजरेची. ढगाळ दिवशी पांढऱ्या बर्फावर सावलीच पडत नाही आणि जमीन वीस फुटांवर आहे की दोनशे, हे डोळ्याला कळत नाही. जुने वैमानिक अशा वेळी वरून झाडाच्या फांद्या टाकायचे. काळी खूण दिसली की नजरेला टेकू मिळतो.

या सगळ्याचा हिमालयातला प्रयोग १९६० सालचा. माक्स आइझेलिन यांच्या स्विस मोहिमेने धवलगिरीसाठी पिलाटस पोर्टर जातीचं विमान आणलं, नाव ‘यती’. एर्न्स्ट झाक्सर आणि एमिल विक हे वैमानिक. पोखऱ्याहून उडून ‘यती’ सुमारे ५,७०० मीटर उंचीच्या ईशान्य खिंडीत चाक-स्कीवर उतरू लागलं. शेर्पांचे आठवड्यांचे कष्ट मिनिटांवर आले. पण विरळ हवेची सवय मिनिटांत होत नाही. एकदम उंचावर उतरलेल्या गिर्यारोहकांना उंचीचा त्रास झाला. मध्येच इंजिन निकामी झालं, ते बदलावं लागलं. ५ मे रोजी दांबुश या दुसऱ्या खिंडीतून उड्डाण घेताना कंट्रोल स्टिकची मूठच वैमानिकाच्या हातात निघून आली आणि विमान कोसळलं. दोघं वैमानिक वाचले आणि डोंगर उतरून पायी खाली गेले. १३ मे रोजी मोहिमेने शिखर गाठलं, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय. तोवर बरंचसं सामान ‘यती’ने वर पोचवलेलं होतं.